वैरण कापायला-वाळवायला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, तीन बघून ठेवलेत, कोणता घ्यावा?

माळरान६

नमस्कार मंडळी. फलटण भाग, एकूण सहा एकर. दोन एकर लसूणघास, दीड एकर मारवेल, बाकी माळावर कुसळी आणि पवना. आठ संकरित गाई. सुकी वैरण गाईमागे रोज ६ किलो धरली तर वर्षाला साडेसतरा टन लागते. सध्या कापणी माणसांच्या हाताने होते, आणि मजूर मिळेपर्यंत लसूणघास पार फुलून जातो. म्हणून ट्रॅक्टर, त्यावर मोअर (गवत कापायचं यंत्र) आणि रेक (कापलेलं गवत ओढून ओळी करायचा), जमलंच तर छोटा बेलर (गठ्ठे बांधायचा), असा विचार आहे. नवीन परवडणार नाही.

तीन बघितलेत:

१) मॅसी १०३५, २०१४ चा, मीटर ३,८०० तास. सिंगल क्लच. रोटाव्हेटर आणि मळणीवर चाललेला.
२) स्वराज ७३५ एफई, २०१६ चा, मीटर ३,२०० तास. ड्युअल क्लच आहे असं विकणारा सांगतो. सुरुवातीचे काही हंगाम ऊस वाहतुकीला होता.
३) महिंद्रा ५७५ डीआय, २०१२ चा, मीटर ५,६०० तास, इंजिन बांधलेलं आहे. सिंगल क्लच.

३५-४० एचपी पुरेल का ४५ च्या पुढेच जावं? आणि उसाचा ट्रॅक्टर फुकटसुद्धा घेऊ नये म्हणतात, ते कितपत खरं?

पानापकड

दादा, एचपी नंतर बघू. आधी काय जोडणार ते ठरवा, मग पीटीओ (ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, ज्यावर यंत्र चालतं) आणि क्लच, मग एचपी. नांगरटीला ट्रॅक्टर घेताना आपण ओढ बघतो. वैरणीच्या कामात ओढ जवळजवळ नसतेच, सगळं काम मागच्या फिरत्या दांड्यावर.

हिशोब असा. इंजिनचे जे एचपी सांगतात त्यातले पीटीओवर साधारण ८५ टक्के येतात. म्हणजे ४० एचपीचा ट्रॅक्टर पीटीओला ३४ च्या आसपास देतो. कात्री पद्धतीच्या पाच-सहा फुटी कटर बारला १०-१५ एचपी खूप झाले. १.३५ मीटरच्या ड्रम मोअरला (फिरत्या ड्रमखालच्या पात्यांनी कापतो तो) २५, १.६५ मीटरच्याला ३५ च्या घरातला ट्रॅक्टर लागतो. बोटांच्या चाकांचा रेक तर पीटीओ मागतच नाही, जमिनीला घासून फिरतो. छोट्या गोल बेलरला ३५ च्या पुढचा ट्रॅक्टर बरा. चौकोनी गठ्ठ्याच्या बेलरला मात्र ५० च्या पुढे जा, कारण तिथे नुसती ताकद नाही, वजनही लागतं. त्याचा प्लंजर मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके मारतो आणि प्रत्येक ठोका ट्रॅक्टरच्या अंगात जातो. अठराशे किलोचा ट्रॅक्टर त्याच्यापुढे दिवसभर डुलत राहतो.

तुमच्या सहा एकराला १.६५ चा ड्रम मोअर आणि चार चाकांचा रेक. म्हणजे तिन्ही ट्रॅक्टर ताकदीने पुरतात. निवड क्लचवर होणार.

सिंगल क्लचमध्ये पाय दाबला की चाकं आणि पीटीओ एकदमच सुटतात. पुढे गवत आडवं पडलेलं दाट आलं, तुम्ही वेग कमी करायला क्लच दाबला, की मोअरही मंदावला. परत क्लच सोडला की अर्धवट फिरणाऱ्या ड्रमवर गवत चढतं आणि गुंडाळतं. बेलरला तर हे रोजचं दुखणं: ओळ जाड आली की ट्रॅक्टर थांबवायचा आणि बेलर चालू ठेवून आतला माल गिळू द्यायचा, हे सिंगलमध्ये जमतच नाही. ड्युअलमध्ये पेडल अर्ध्यावर दाबलं की फक्त चाकं थांबतात, तळाला दाबलं की पीटीओ. जॉन डियरच्या ५००० मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलना पीटीओ स्वतंत्रच असतो, तो तर त्याहून चांगला, पण तुमच्या यादीत तो नाही.

सिंगलचा दुसरा धोका लोक सांगत नाहीत. मोअरचे ड्रम फिरत असताना क्लच दाबला तर ड्रमचा जोर पीटीओतून उलटा गिअरबॉक्सात येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. बांधाच्या टोकाशी हे झालं तर ट्रॅक्टर ओढ्यात. त्यावर उपाय म्हणजे जोडदांड्यात (पीटीओपासून मोअरपर्यंतचा दांडा) ओव्हररनिंग क्लच बसवणे, म्हणजे मोअरचा जोर उलटा येत नाही. बऱ्याच मोअरमध्ये तो असतो, पण जुना मोअर घेत असाल तर हाताने फिरवून बघा: एका दिशेला सैल फिरला पाहिजे, दुसऱ्या दिशेला धरला पाहिजे. दोन्हीकडे धरतो म्हणजे आतला खटका गंजून बसलाय.

हिरवाचारा

वरचं सगळं बरोबर. मी वैरणीच्या बाजूने बोलतो, कारण ट्रॅक्टर कोणता हे त्यावरच ठरतं.

बेलर आत्ता घेऊ नका. साडेसतरा टन म्हणजे २० किलोचे पावणेनऊशे गठ्ठे, तेही वर्षभरात. लसूणघासाची एक कापणी एकरी साडेचार टन हिरवी धरा, त्यात पाचवा हिस्सा कोरडा माल, म्हणजे वाळून एकरी टनभर. दोन एकराचे शंभर गठ्ठे. एवढं काम भाड्याचा बेलर दीड-दोन तासांत करून निघून जातो. बेलरवाला गठ्ठ्यामागे पैसे घेतो, ट्रॅक्टर त्याचाच असतो. पाचट आणि सोयाबीनच्या भुसकटासाठी आता बऱ्याच तालुक्यांत बेलर फिरतात.

मोअर आणि रेक मात्र स्वतःचाच पाहिजे. बेलर एक दिवस उशिरा आला तर फार बिघडत नाही. कापणी चार दिवस पुढे गेली तर लसूणघासाचे देठ लाकूड होतात, आणि रेक दोन तास उशिरा फिरवला तर पाला शेतातच राहतो. लसूणघासात निम्म्याहून जास्त प्रथिनं पाल्यात असतात. देठच गोळा करायचे असतील तर एवढा खटाटोप कशाला?

वेळापत्रक असं ठेवा. दहापैकी एका झाडाला फूल दिसलं की कापा. दव उडाल्यावर कापणी सुरू, खुंट दोन-अडीच इंच ठेवायचा, त्याहून खाली गेलात तर फुटव्याचे डोळे जातात. दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी पहाटे, पाला अजून दवाने नरम असताना रेक फिरवून ओळी करायच्या. दुपारी रेक फिरवला की मागे हिरवा भुगा उडताना दिसतो, तो तुमच्या दुधाचा फॅट उडतोय असं समजा. ओलावा १५ ते १८ टक्के आला की गठ्ठे. जानेवारीत तीन-चार दिवस लागतात, मार्चमध्ये दोनही पुरतात, पण मार्चला अवकाळीचं भय.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या. मूठभर वैरण बारीक कापून आत टाका, वर चमचाभर कोरडं मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर १५ टक्क्यांच्या खाली, गोळे झाले किंवा वैरणीला चिकटलं तर अजून ओली. ओळीच्या खालचं गवत घ्या, वरचं नाही. वरचं नेहमीच वाळलेलं असतं आणि फसवतं.

२० टक्क्यांच्या वर बांधलेला गठ्ठा आतून तापतो. गंजी लावल्यावर आठ-दहा दिवस रोज लोखंडी सळई आत खुपसून, पाच मिनिटांनी काढून हाताला लावून बघा. धरवत नाही इतकी तापली असेल तर गंजी मोडून गठ्ठे उघडे टाका. पेट घेण्यापर्यंत गोष्ट जाते.

लसूणघासात ट्रॅक्टर जितका हलका तितका बरा. कापल्यानंतर चार-पाच दिवसांनी नवे फुटवे निघतात, तेव्हा जड चाक फिरलं की ते मोडतात आणि पुढची कापणी चाकांच्या पट्ट्यात विरळ येते. म्हणून गठ्ठेसुद्धा लवकर उचला. या हिशोबानेही ५५ एचपीचं धूड तुम्हाला नको.

माळाचं वेगळं. कुसळी गवत कुसळं पिकायच्या आधीच कापलं पाहिजे, नाहीतर गाईच्या तोंडात आणि घशात रुततात. म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर, थोडा जुगारच. आणि माळावर दगड. कटर बारच्या पात्या दगडाला लगेच तुटतात, ड्रम मोअर ते जास्त सोसतो. तरी उन्हाळ्यात एकदा माळ फिरून दगड वेचून घ्या. ड्रम मोअरचं पातं दगड ५०-६० मीटरपर्यंत गोळीसारखा फेकतं, मागचा कापडी पडदा फाटलेला असेल तर मोअर लावूच नका.

लोखंडी_नांगर

सिंगल क्लचला एवढं वाईट ठरवू नका राव. आपल्याकडे निम्मे ट्रॅक्टर सिंगलच आहेत आणि त्यांच्यावर मोअर चालतात. ओव्हररनिंग क्लच बसवा, पहिल्या-दुसऱ्या गिअरात ताशी ४-५ किलोमीटरने चाला, दाट ठिकाणी क्लच न दाबता आधीच गिअर खालचा घ्या. झालं. दोन-अडीच एकर कापायला तास-दीड तास लागतो, त्यासाठी ड्युअल क्लचवर अडून बसायचं म्हणजे जास्तच.

मी ५७५ घेईन. चार सिलिंडर, इंजिन बांधलेलं, सुटे भाग प्रत्येक गावात. मोअरचं काम वर्षात दहा-पंधरा दिवस. बाकी दिवस ट्रॅक्टर काय नुसता शेडमध्ये उभा करणार? पेरणी, रोटाव्हेटर, ट्रॉली, शेणखत. ४५ एचपीला आजूबाजूची कामंही मिळतात.

पानापकड

नांगरभाऊ, बाहेरची कामं करायची असतील तर ५७५ ला माझा विरोध नाही. पण दादांनी प्रश्न वैरणीचा विचारलाय. आणि बांधलेल्या इंजिनबद्दल एक विचारा: काय काय बांधलं? नुसत्या रिंगा घातल्या असतील तर ते बांधणं नव्हे. लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे वॉल्व, नोझल, पंप कॅलिब्रेशन, यातलं काय झालं त्याचं बिल मागा. बिल नसेल तर इंजिन बांधलेलं नाही असंच धरून किंमत ठरवा.

आता उसाचा ट्रॅक्टर. सगळे नको म्हणतात, आणि नांगरट-ओढकामाला घेणाऱ्याने नकोच म्हणावं. पण थोडा विचार करा. ट्रॅक्टर कुठल्या कामावर चालला त्यावरून त्याचं काय झिजलं ते कळतं.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याचा क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, मागचा ॲक्सल आणि ब्रेक थकतात. पीटीओ आणि लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) मात्र जवळजवळ कोऱ्या असतात, कारण हंगामभर त्यांना कोणी हातच लावलेला नसतो. रोटाव्हेटरवर चाललेल्याचं उलटं: पीटीओचे दाते, पीटीओचं बेअरिंग, लिफ्टचं सील आणि लोअर लिंकची (अवजार जोडायच्या खालच्या दोन दांड्यांची) भोकं गेलेली. मळणीवर चाललेल्याचे ॲक्सल चांगले, पण इंजिन तासन्तास एका जागी भुशात चाललेलं, रेडिएटरच्या जाळ्या भरलेल्या, एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालं असेल तर रिंगा गेलेल्या. कोकणातून आलेला चिखलणीचा असेल तर मागच्या हबची सीलं आणि ब्रेक आधी उघडून बघा, आत पाणी गेलेलं असतं.

वैरणीला तुम्हाला पीटीओ, लिफ्ट आणि इंजिन चांगलं लागतं, गिअरबॉक्सवर ताण नगण्य. म्हणून उसाचा ७३५, जर गिअरबॉक्स अगदीच मेलेला नसेल तर, तुमच्यासाठी रोटाव्हेटरच्या १०३५ पेक्षा बरा ठरू शकतो. किंमत मात्र उसाच्या ट्रॅक्टरचीच द्यायची.

ऊस वाहिलाय हे विकणाऱ्याने सांगितलं नाही तरी कळतं. हुकचं भोक लांबट झालेलं असतं, हुकला वेल्डिंगचे थर असतात, पुढचा बंपर जाडजूड किंवा जादा वजनं लावलेली, आणि मडगार्डला मोठ्या स्पीकरची भोकं असली की विचारायचीही गरज नाही.

मीटरवर विश्वास नको. केबलचं मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं, केबल काढून ठेवली की थांबतं. टायर बघा: बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. २०१६ च्या ट्रॅक्टरला ३,२०० तासांत मागच्या टायरची दुसरी जोडी संपत आली असेल तर मीटर खोटं. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, पायदानाची जाळी, स्टेअरिंगचं चाक, हे तास लपवत नाहीत.

तपासणी सकाळी करा आणि जायच्या आधी फोन करू नका. पोचल्यावर पहिला हात सायलेन्सरवर आणि हेडवर. गरम असेल तर समजा, थंड इंजिन लगेच धरत नाही म्हणून आधीच चालू करून ठेवलंय. थंड असताना सेल्फवर दोन-तीन फेऱ्यांत लागला पाहिजे. निळा धूर सतत आला तर ऑईल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर नोझल, कॉम्प्रेशन नाहीतर हेड गास्केट. काळा धूर रेस दिल्यावर क्षणभर आला तर चालतो, सतत येत असेल तर एअर क्लीनर किंवा पंप.

मग इंजिन चालू असतानाच ऑईल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. किंचित वाफ चालते. झाकण थरथरून उडायला लागलं, फक-फक धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने खाली गळतोय, रिंगा-लायनरचा खर्च धरा. डिपस्टिकवर ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, तिथूनच घरी या.

पीटीओचं असं: इंजिन बंद, पीटीओचा दांडा हातात धरून वर-खाली हलवा. हलका खुळखुळाट चालतो, स्पष्ट उचल जाणवली तर बेअरिंग. सहा दात्यांचा ३५ मिलिमीटरचा दांडा असतो, दाते एका बाजूने धारदार झाले असतील तर जोडदांड्याचा योक (टोकाचा जोड) त्यावर ठरत नाही. सीलमधून ऑईल ओघळत असेल तर सील बदलून भागतं, पण आधी बेअरिंग बघा, कारण बेअरिंग गेलं की नवं सीलही टिकत नाही. मग चालू करून, शक्य झालं तर रोटाव्हेटर लावून पंधरा-वीस मिनिटं खरी माती फिरवा. आरपीएम मीटर बंद असेल, बहुतेक असतंच, तर लेझरचा टॅकोमीटर मिळतो. दांड्यावर चकाकती पट्टी चिकटवून मोजा. ५४० येताना इंजिन धाप टाकत नाही ना ते ऐका. मोअर ५४० च्या खाली चालवला की कापत नाही, फाडतो.

पेडल अर्धं आणि पूर्ण दाबून दोन टप्पे वेगळे जाणवतात का ते स्वतः बसून बघा. ‘ड्युअल आहे’ हे तोंडी ऐकून पैसे देऊ नका.

माळरान६

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे ७३५ आणि १०३५ तपासले. ५७५ च्या बांधणीचं बिल निघालं नाही, सोडला.

१०३५: पीटीओचा दांडा वर-खाली चांगला हलतो, सील ओलं. झाकण ठेवलं की उडतं.

७३५: थंड असताना लगेच लागला. झाकणावर थोडी वाफ, धूर नाही. पेडल अर्ध्यावर ट्रॅक्टर थांबतो, पीटीओ फिरत राहतो. पण तळाला दाबूनही पीटीओ पूर्ण थांबत नाही, हळू फिरतच राहतो, आणि पीटीओचा लिव्हर टाकताना कचकच वाजतं. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, दहा मिनिटांत चार इंच खाली आला. चौथ्या हाय गिअरात उतारावर पाय काढला तरी गिअर सुटला नाही. मागचे टायर बदललेले, कोड २०२१ चा. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय, मालक म्हणतो कर्ज फिटलंय. मागच्या चाकांची बाहेरची रुंदी मोजली, पावणेसहा फूट.

पानापकड

१०३५ सोडा. पीटीओ आणि इंजिन दोन्ही गेलंय, म्हणजे नेमकं तुमच्या कामाचंच.

७३५ चं. पीटीओ पूर्ण सुटत नाही याची दोन कारणं. एक, पेडलची मोकळी चाल जास्त झालीये, म्हणून पाय तळाला टेकला तरी दुसरा टप्पा पुरा होत नाही. मोकळी चाल इंचभर असावी, लिंकच्या नटावर सेट होते, अर्ध्या तासाचं काम. विकणाऱ्यासमोरच मेकॅनिककडून करून घ्या आणि परत बघा. तरीही फिरत राहिला तर आत पीटीओ प्लेटच्या लिव्हरचं सेटिंग किंवा प्लेट वाकलेली, आणि त्यासाठी ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो. उसाच्या कामाचा आहे म्हटल्यावर मी दुसरं कारण धरून चालेन. खोलायचाच झाला तर अर्धवट काम करू नका: दोन्ही प्लेटा, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकदमच. सील शंभरदोनशे वाचवायला ठेवलं आणि महिनाभरात नव्या प्लेटवर ऑईल आलं, की सगळी मजुरी परत. या पूर्ण सेटचा आणि मजुरीचा भाव दुकानातून लिहून आणा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. कमी करत नसेल तर उठा.

पीटीओ सुटत नसताना लिव्हर कचकचत टाकत राहू नका, त्याने आतल्या गिअरचे दाते खांडतात. बघायला आलेल्या प्रत्येकाने तेच केलं असेल तर दाते आधीच गेलेले असू शकतात. खोलताना तेही बघून घ्या.

लिफ्ट चार इंच दहा मिनिटांत: सील थकलंय किंवा कंट्रोल वॉल्व किंचित गळतोय. नांगराला हे चाललं नसतं. ड्रम मोअर कापताना जमिनीवरच टेकलेला असतो, उचल फक्त वळणावर आणि रस्त्यावर. रस्त्यावर साखळीने बांधायचाच असतो. म्हणजे हे लगेच करायला नको, पण भाव करताना बोलून दाखवायचं. इंजिन चालू असताना लिफ्ट दर काही सेकंदांनी उचक्या देत असेल तर मात्र गळती जास्त आहे.

टायर २०२१ चे म्हणजे पहिली जोडी पाच वर्षांत संपली. उसाला धरून ते बसतं, पण मग ३,२०० तास बसत नाहीत. पाच हजार धरून चाला.

हिरवाचारा

रुंदी विचारात घेतलीत हे बरं केलं. पावणेसहा फूट म्हणजे १.७५ मीटर. १.३५ चा मोअर लावला तर पुढच्या फेरीला आतलं चाक आधीच्या कापलेल्या ओळीवरून जाणार आणि लसूणघासाचा पाला चिरडणार. १.६५ च्या ड्रम मोअरची ओळ दोन ड्रमच्या मध्ये अरुंद पडते, तिच्यात आणि उभ्या पिकात जागा राहते. तरी मागची चाकं एक टप्पा आत घेता येतात का बघा, डिस्क उलटी करून अंतर बदलतं. माळाच्या उतारावर मात्र चाकं बाहेरच बरी, आणि मोअर चढाच्या बाजूला राहील असंच चाला.

आणखी एक, ७३५ च्या सायलेन्सरचं तोंड वर आहे ना? काही जणांनी ट्रॉलीच्या कामासाठी खाली वळवलेलं असतं. वाळल्या गवतात खालचा सायलेन्सर म्हणजे आगीला आमंत्रण. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा, तासाभराने हाताने झाडायची, नाहीतर भुसकटाने इंजिन तापतं. वीस लिटर पाण्याचा कॅन ट्रॅक्टरवरच असू द्या.

लोखंडी_नांगर

बरं, मग ७३५ घ्या, माझी हरकत नाही. फक्त मोअर घेताना लोअर लिंकच्या पिना बघा. कॅटेगरी १ ची पिन २२ मिलिमीटर, २ ची २८. जुन्या मोअरला एक आणि ट्रॅक्टरच्या बॉलला दुसरी असली की लोक बुश न घालता तशीच पिन घुसवतात, मग मोअर डुलतो आणि एका बाजूला खोल कापतो. बुश पाचपन्नास रुपयांचं असतं.

आणि पीटीओच्या जोडदांड्याची लांबी: लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्ही वेळा बघा. आतली नळी बाहेरच्या नळीत कमीत कमी एक तृतीयांश तरी राहिली पाहिजे, आणि सगळ्यात आखूड अवस्थेत तळाला टेकता कामा नये. टेकली तर पीटीओचं बेअरिंग पहिल्याच दिवशी गेलं. प्लास्टिकचं आवरण फाटलेलं असेल तर नवं घाला. उपरणं, सैल लुगडं, शर्टाची बाही, सगळं त्यात ओढलं जातं. अडकलेलं गवत काढताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

कागदपत्री

बोजाचं राहिलं. मालक तोंडी काहीही म्हणो, आरसीवर हायपोथिकेशन (बँकेचा बोजा) दिसतंय तोपर्यंत ट्रॅक्टर तुमच्या नावावर होणार नाही. कर्ज खरंच फिटलं असेल तर बँक ना हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देते, तो आरटीओत देऊन बोजा उतरवायचा. थोडं बाकी असेल तर ती रक्कम मालकाच्या हातात न देता थेट त्याच्या कर्ज खात्यात भरा आणि पावती तुमच्याकडे ठेवा. नाव बदलाला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८ चा दाखला आधी.

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. इंजिन बदललेलं असेल तर नंबर जुळत नाही आणि आरटीओत अडकता. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा आणि ब्लॅकलिस्ट तिन्ही दिसतं. नोंदणी शेतीची आहे का व्यावसायिक तेही बघा, ऊस वाहतुकीवाले काही वेळा ट्रॉलीसकट व्यावसायिक करतात, मग कर आणि फिटनेस वेगळा. ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक वर्षं विकता येत नाही, मंजुरीचं पत्र मागून मुदत वाचा. विमा नाव बदलल्यापासून १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा.

इसार द्यायचाच असेल तर पावतीवर लिहा: बोजा उतरला नाही किंवा क्लचचं काम ठरल्याप्रमाणे झालं नाही तर इसार परत.

माळरान६

सायलेन्सर वरच आहे. इंजिन चालू असताना लिफ्ट उचक्या देत नाही, आज परत जाऊन बघितलं. मोकळी चाल सेट केली तरी पीटीओ फिरतोच, म्हणजे खोलावाच लागणार. क्लच सेट आणि मजुरीचा भाव लिहून आणलाय. मालक निम्मा खर्च सोडायला तयार आहे.

पानापकड

निम्म्यावर थांबू नका. लिफ्टचं सील, तासांचा घोळ आणि न उतरलेला बोजा, तिन्ही तुमच्या बाजूने आहेत. क्लचचा पूर्ण खर्च सोडला तरच, आणि खोलताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. इनपुट शाफ्टचे दाते आणि पीटीओ गिअरचे दाते उघड्यावर बघायची हीच एक वेळ असते. पीटीओ गिअर खांडलेला निघाला तर तो खर्च कोणाचा, हे खोलायच्या आधी ठरवून इसाराच्या पावतीवर लिहून घ्या.